उत्तर परळला, पेशंट इंद्रलोकात

भाईंदर स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की शेअर रिक्षा नवघर रोडने इंद्रलोकात सोडते. नावावरचे विनोद ऐकून इथले लोक कंटाळले आहेत, तेव्हा ते मी करत नाही. फेज, सोसायटी, विंग अशा पत्त्यांची ही वस्ती. गिरगाव-लालबागच्या चाळी सोडून आलेली मराठी घरं, गुजराती-मारवाडी दुकानदार, उत्तर भारतीय कारागीर, आणि तळमजल्यावरच्या गाळ्यांमध्ये फरसाण, मोबाइल, क्लासेस, मेडिकल, दवाखाना. वस्ती संपते तिथे मिठागरं आणि खाडी. गणपती उठले की दवाखान्यातल्या बाकावर तापाचे पेशंट दाटीवाटीने बसतात. मलेरियाचा शहरी डास खाडीतला नव्हे. तो गच्चीवरच्या उघड्या टाकीत आणि बांधकामावर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

अशाच एका दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टरांच्या परवानगीने कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो होतो. पन्नाशीच्या एका गृहस्थांनी लॅबचा कागद पुढे केला: व्हायव्हॅक्स पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी लेटरहेड ओढलं. क्लोरोक्विन तीन दिवस. मग पेन थांबलं.

"काका, लहानपणी कधी कावीळ? एखाद्या गोळीने लघवी काळी-लाल झाली होती? घरात कुणाला?"

"नाही बुवा. आठवत तरी नाही."

"मग ही दुसरी गोळी, प्रायमाक्विन. चौदा दिवस. ताप दोन दिवसांत उतरेल, पण ही सोडायची नाही. मध्येच लघवी काळसर दिसली तर मात्र थांबवा आणि लगेच मला फोन करा."

काका गेले. आत येण्यापासून बाहेर पडण्यापर्यंत फार तर चार मिनिटं झाली असतील. संपादकांनी यंदाचा विषय दिला होता 'यंत्राचा सल्ला', आणि मी निवडलं होतं ते सॉफ्टवेअर, जे पेशंटची जनुकं बघून डॉक्टरला सांगतं की हे औषध द्या, हे टाळा, याचा डोस निम्मा करा. परदेशातल्या मोठ्या हॉस्पिटलांत ते वापरात आहे. इथे त्याचं काम लेटरहेडवर थांबलेलं पेन आणि तीन प्रश्न करतात. ते तीन प्रश्न कुठून आले, हे बघायला भाईंदरहून फार लांब जावं लागत नाही.

तुरुंग, पारशी आणि कल्याण

व्हायव्हॅक्स हा मलेरियाचा एक प्रकार. त्याचा जंतू यकृतात दडी मारतो. क्लोरोक्विन रक्तातल्या जंतूंना मारतं, यकृतात लपलेल्यांना हात लावत नाही, म्हणून काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप परत येतो. दडलेल्यांना मारणारं औषध म्हणजे प्रायमाक्विन. पूर्वी आपल्याकडे ते पाचच दिवस देत. परळच्या केईएम रुग्णालयातील क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागाने पाच आणि चौदा दिवसांची तुलना करून तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये छापले. त्यात चौदा दिवसच खरे ठरले. डॉक्टर 'चौदा दिवस' म्हणाले, त्यामागे हे मुंबईचं काम आहे.

पण काही माणसांना ही गोळी सोसत नाही. हे प्रथम नीट उलगडलं ते अमेरिकेत, इलिनॉयमधल्या स्टेटव्हिल तुरुंगात. तिथे कैद्यांना मलेरिया टोचून औषधं तपासत. त्यांची संमती कितपत खरी होती, हा वाद अजून मिटलेला नाही. १९५६ मध्ये कार्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ज्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात, त्यांच्या पेशींत जी६पीडी नावाचं एंझाइम कमी असतं. हे एंझाइम पेशीला रासायनिक जाळपोळीपासून वाचवतं. ते अपुरं असेल तर एरवी माणूस ठणठणीत दिसतो, पण गोळी पोटात गेली की दोन-तीन दिवसांत रक्त उतरू लागतं, डोळे पिवळे होतात, लघवी काळी होते.

मुंबईने हा धागा लवकर उचलला. १९६३ मध्ये एल. डी. संघवी आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी समाजात ही कमतरता नोंदवली. आणि १९८४ मध्ये एका जर्मन शास्त्रीय मासिकात या एंझाइमचा एक नवा प्रकार छापून आला. त्याचं नाव जी६पीडी कल्याण. तो सापडला होता एका कोळी कुटुंबात. पुढे १९९२ मध्ये कळलं की केरळात सापडलेला प्रकार आणि कल्याणचा प्रकार मुळात एकच, प्रथिनाच्या साखळीत ३१७ व्या जागी एकच बदल. तेव्हापासून जगभरच्या तक्त्यांत तो 'केरळ-कल्याण' या जोडनावाने बसला आहे. भारतात ही कमतरता मुख्यतः तीन प्रकारांची: मेडिटरेनियन, केरळ-कल्याण आणि ओरिसा. आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था केईएमच्या आवारातच, तेराव्या मजल्यावर आहे. तिथे या विषयावर कित्येक वर्षं काम झालं आहे.

'कोळी कुटुंबात सापडला' याचा अर्थ 'कोळ्यांचा रोग' असा काढू नये, हे लगेच सांगून टाकतो. भाईंदरच्याच पश्चिमेला उत्तन, चौक, पाली ही कोळ्यांची गावं आहेत, तिथे कुणी हा लेख वाचून उगाच धास्ती घेऊ नये. बदल एका माणसात असतो, जातीत नसतो. कुठल्या समाजात प्रमाण किती, हे संशोधकाच्या कामाचं आहे. समोर बसलेल्या माणसाला गोळी द्यायची की नाही, हे त्याच्या आडनावावरून ठरवता येत नाही. याचसाठी तर तपासणी, आणि याचसाठी ते सॉफ्टवेअर.

यंत्राच्या पोटात

'जनुकांवर चालणारं सॉफ्टवेअर' म्हटलं की डोळ्यांपुढे काहीतरी गूढ येतं. आत उघडून बघितलं तर मुख्यतः तक्ते निघतात. खूप काळजीपूर्वक केलेले तक्ते.

पहिला टप्पा वाचनाचा. लॅब पेशंटच्या डीएनएतल्या ठरावीक जागा वाचते: इथे अमुक अक्षराऐवजी तमुक आहे. दुसऱ्या टप्प्यात अशा अक्षरांच्या गटाला नाव मिळतं, दोन तारा, सतरा तारा, असं. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची, म्हणून नावंही दोन. तिसऱ्या टप्प्यात त्या जोडीचं भाषांतर माणसाच्या स्वभावात होतं: हा माणूस हे औषध फार हळू पचवतो, हा मध्यम, हा भराभर. आणि चौथ्या टप्प्यात त्या स्वभावाला औषधाचा नियम जोडला जातो.

शेवटच्या दोन टप्प्यांचे तक्ते २००९ मध्ये सुरू झालेल्या सीपीआयसी या आंतरराष्ट्रीय गटाने तयार केले आहेत, आणि ते सगळ्यांना फुकट आहेत. स्टॅनफर्ड आणि पेनसिल्व्हेनियातल्या मंडळींनी केलेलं फार्मकॅट हे सॉफ्टवेअरही फुकट. जनुकांची फाईल आत टाका, औषधांचा सल्ला बाहेर येतो. म्हणजे या यंत्राचा मेंदू विकत घ्यावा लागत नाही, लागतो तो कच्चा माल. सीपीआयसी स्वतःच सांगते की तपासणी करावी का, हे आम्ही सांगत नाही. निकाल हातात असेल तर त्याचं काय करायचं, एवढंच सांगतो. इंद्रलोकातला प्रश्न नेमका त्याच्या आधीचा आहे.

प्रायमाक्विनचंच घ्या. या एका गोळीला दोन जनुकं चिकटलेली आहेत. जी६पीडी सांगतं की गोळी बाधेल का. आणि सीवायपी२डी६ नावाचं दुसरं जनुक सांगतं की ती चालेल का, कारण यकृतात या एंझाइमने बदल घडवल्याशिवाय प्रायमाक्विन कामच करत नाही. २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासातून हे पुढे आलं: औषध नीट घेऊनही ज्यांना मलेरिया पुन्हा पुन्हा उलटला, त्यांच्यात हे एंझाइम मंद होतं. डॉक्टरसमोर अशा वेळी पेशंट बसलेला असतो आणि डॉक्टरच्या मनात येतं, याने गोळ्या मध्येच सोडल्या असणार. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण जो खरोखर चौदा दिवस गोळी घेऊन आला आहे, त्याला बोलणी खावी लागतात.

जे तपासलं नाही ते 'नॉर्मल'

यंत्राची सगळ्यात धोक्याची सवय मला दुसऱ्या टप्प्यात दिसली. ठरावीक जागा तपासून तिथे काही बदल सापडला नाही, तर प्रत 'नेहमीची' असं धरलं जातं. यादीत जी जागाच नाही, तिथला बदल यंत्राला दिसत नाही, आणि न दिसलेलं सगळं 'नॉर्मल' या खात्यात जमा होतं. एखाद्या परदेशी किटच्या यादीत आफ्रिकी आणि भूमध्य समुद्राकाठचे प्रकार असतील आणि केरळ-कल्याण नसेल, तर कल्याणच्या माणसाला ते किट बिनधास्त सांगेल की सगळं ठीक आहे. म्हणून रिपोर्टमध्ये 'नॉर्मल' वाचलं की पुढचा प्रश्न विचारायचा: कायकाय तपासलं? ती यादी बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते.

जी६पीडीच्या बाबतीत तर जनुकाआधी एंझाइमच मोजलेलं बरं. ती साधी रक्त तपासणी आहे, काहीशे रुपयांत होते. पण तिलाही खोडी आहेत. पेशी नुकत्याच फुटून गेल्या असतील तर उरतात त्या ताज्या, एंझाइम भरपूर असलेल्या, आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. शिवाय हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. पुरुषाकडे एकच एक्स, म्हणजे आहे किंवा नाही. बाईकडे दोन, आणि प्रत्येक पेशीत त्यांतलं एकच जागं, त्यामुळे तिच्या रक्तात दोन्ही तऱ्हेच्या पेशी मिसळलेल्या. अशी बाई झटपट चाचणीत सुटून जाऊ शकते. सॉफ्टवेअर नीट लिहिलेलं असेल तर ते इथे 'हो-नाही' न देता टक्केवारी विचारतं.

दुसरी सवय उलट्या टोकाची: ओरडण्याची. हॉस्पिटलच्या संगणकावर डॉक्टरने औषध टाकलं की लाल चौकट उघडते, सावधान. दिवसाला अशा इतक्या चौकटी उघडतात की बोट आपोआप 'पुढे' या बटणावर जातं. २००६ मधल्या एका आढाव्यात दिसलं की औषधांबाबतच्या अशा इशाऱ्यांपैकी ४९ ते ९६ टक्के इशारे डॉक्टर ओलांडून जातात. यात डॉक्टरांचा आळस किती आणि चौकट लिहिणाऱ्यांचा उतावळेपणा किती? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. किरकोळ गोष्टीला आणि जीवघेण्या गोष्टीला एकाच लाल रंगात ओरडणाऱ्या यंत्राचं माणूस तिसऱ्या दिवशी ऐकेनासा होतो.

कॉम्प्युटर कुणाकडे आहे?

इंद्रलोकातल्या त्या डॉक्टरांच्या टेबलावर संगणक नव्हता. रक्तदाबाचं यंत्र, शिक्का, लेटरहेड आणि मोबाइल. मोबाइलवर ते लहान मुलांचे डोस पडताळतात. मी जनुकांच्या सॉफ्टवेअरचं सांगितल्यावर ते म्हणाले, "छान आहे. पण मी ते कुठे लावू?" तुच्छतेने नव्हे, खरंच विचारत होते. पेशंट केसपेपर घरी नेतो, पुढच्या वेळी आणत नाही, मधल्या काळात दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन येतो. जी६पीडीला पाठवावं तर दोन दिवस जातात, आणि ताप उतरलेला माणूस दोन दिवसांनी परत येत नाही. मग यकृतातले जंतू तसेच राहतात. न तपासता गोळी दिली तर एखाद्याचं रक्त उतरण्याचा धोका, तपासायला पाठवलं तर अनेकांची गोळीच राहून जाण्याचा धोका. त्या चार मिनिटांत डॉक्टर हे दोन धोके तोलतात, आणि राष्ट्रीय मार्गदर्शिकाही त्यांना यापेक्षा फार वेगळं सांगत नाही: ज्यांची कमतरता माहीत आहे त्यांना, गरोदर बायांना आणि तान्ह्या बाळांना देऊ नका, बाकीच्यांना लक्षणं सांगून द्या.

कॉम्प्युटर आहे तो शेजारच्या गाळ्यात, मेडिकलमध्ये. काउंटरमागे तो सतत चालू असतो. त्यात प्रत्येक गोळीचा बॅच नंबर, मुदत, शिल्लक, जीएसटी. मुदत संपलेली पट्टी बिलात टाकायला गेलं की तो अडवतो. म्हणजे इशारा देणारं यंत्र इंद्रलोकात आहेच, आणि त्याचं लोक ऐकतातही. फक्त त्याला मालाची माहिती आहे, माणसाची नाही. शेड्यूल एच-१ मधल्या औषधांसाठी दुकानदाराला पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. माणूस आणि औषध एका ओळीत येतात, ते तिथे. 'यांना प्रायमाक्विन नको' ही एक नोंद त्या बिलाच्या पडद्यावर उमटली, तर महागड्या हॉस्पिटल-प्रणालीइतकं नाही, पण सगळ्यात गरजेचं काम होईल. केमिस्टला डॉक्टरकी करायला लावा असं मी म्हणत नाही. त्याने फोन उचलून डॉक्टरांना विचारावं, एवढंच.

त्याच काउंटरवर प्रायमाक्विनपेक्षा कितीतरी जास्त खपते ती क्लोपिडोग्रेल. अँजिओप्लास्टी झालेले निवृत्त लोक महिन्याची पट्टी न्यायला येतात. ही गोळीही यकृतात सीवायपी२सी१९ या एंझाइमने बदल केल्यावरच रक्त पातळ ठेवते. भारतीयांत या जनुकाच्या साधारण एक-तृतीयांश प्रती निकामी असतात. हिशेब केला तर दर आठ-दहा माणसांत एकाच्या दोन्ही प्रती बंद, आणि त्याच्यावर या गोळीचा परिणाम खूपच कमी होतो. अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०१० मध्येच चौकटीत इशारा छापायला लावला. अशा माणसासाठी प्रासुग्रेल, टिकाग्रेलोर अशी दुसरी औषधं आहेत. मलेरियाच्या गोळीसारखी इथे घाई दोन दिवसांची नसते. स्टेंट बसवणारं हॉस्पिटल तपासणी करू शकतं. काही करतातही. पण निकाल डिस्चार्जच्या फाईलमध्ये राहतो, फाईल कपाटात, आणि पट्टी मात्र दर महिन्याला इंद्रलोकातून.

पाकिटातलं कार्ड

ज्यांनी हे जमवलं, त्यांनी निकाल हॉस्पिटलमध्ये ठेवला नाही, पेशंटच्या हातात दिला. फिट्सवर आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या कळांवर आपल्याकडे सर्रास दिली जाणारी कार्बामाझेपिन काही जणांची कातडी अक्षरशः सोलवटून काढते. एचएलए-बी*१५:०२ हा प्रकार अंगात असेल तर हा धोका खूप वाढतो. गुजरातेतल्या २००९ मधल्या एका छोट्या अभ्यासात असा त्रास झालेल्या आठ रुग्णांपैकी सहा जणांत तो सापडला होता. तैवानमध्ये २३ हॉस्पिटलांनी ४,८७७ लोकांना गोळी देण्याआधी तपासलं आणि ज्यांच्यात तो होता त्यांना गोळी दिली नाही. एरवी दहाएक जणांना हा विकार झाला असता, एकालाही झाला नाही. २०११ मध्ये हा निकाल छापून आला. थायलंडमध्ये बँकॉकचं रामाथिबोदी रुग्णालय तपासलेल्या पेशंटला पाकिटात मावेल असं कार्ड देतं: मला अमुक औषध देऊ नका.

युरोपातल्या सात देशांनी हेच बारा जनुकांसाठी करून बघितलं, जवळपास सात हजार रुग्णांवर. रुग्णाला कार्ड, कार्डावर क्यूआर कोड, कोड स्कॅन केला की कुठल्याही दवाखान्यात औषधांचा सल्ला. २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या निकालाप्रमाणे औषधांचे त्रास सुमारे ३० टक्क्यांनी घटले. कोणाला कार्ड मिळालंय हे रुग्णाला आणि डॉक्टरला माहीत होतं, त्यामुळे आकडा थोडा फुगला असेल, अशी टीका झाली आणि ती रास्त आहे. पण मला त्यातलं जनुकशास्त्र कमी आणि क्यूआर कोड जास्त आवडला. इंद्रलोकात भाजीवालीच्या गाडीवर क्यूआर कोड आहे. स्कॅन करायला इथे कुणाला शिकवावं लागणार नाही.

आपल्याकडे सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन आहे, चौदा आकडी आभा क्रमांक आहे, दहा हजार भारतीयांच्या जनुकांचा जीनोमइंडिया संच फरिदाबादच्या केंद्रात ठेवला आहे. म्हणजे आपल्या लोकांचे प्रकार यादीत घालायची सामग्रीही आहे. आभाच्या नोंदीत 'औषध-जनुक' असा एक ठळक रकाना आणि तो मेडिकलच्या बिलिंग सॉफ्टवेअरला, पेशंटने हो म्हटल्यावरच, दिसण्याची सोय, एवढं मागायला हरकत नाही. 'हो म्हटल्यावरच' हे महत्त्वाचं. जनुकाचा रिपोर्ट एकट्याचा नसतो. मुलाची जी६पीडी कमी निघाली, म्हणजे आईबद्दल आणि मामांबद्दल काहीतरी कळलं. लग्न जमवताना असले कागद कसे वाचले जातील, याची कल्पना तुम्हा-आम्हाला आहे.

हे सगळं होईपर्यंत एक काम घरी बसून करता येतं. गेल्या काही वर्षांत घरात बाळ जन्मलं असेल तर प्रसूतिगृहाची फाईल काढा. बऱ्याच ठिकाणी बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन नवजात तपासणी करतात आणि त्यात जी६पीडीची ओळ असते. तिथे 'डेफिशियंट' लिहिलं असेल तर त्या कागदाची झेरॉक्स काढून फॅमिली डॉक्टरांना द्या, फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा, आणि बाळाच्या मामांना, मावसभावांना कळवा. मलेरियाची चौदा दिवसांची गोळी चालू असताना लघवी काळी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि कुठल्याही औषधाने त्रास झाला तर तो सरकारच्या औषध-दक्षता कार्यक्रमाला कळवण्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. १८००-१८०-३०२४ हा क्रमांक सगळ्यांसाठी आहे, आणि फोन फुकट लागतो.